हॉटेलातले टेबल आणि घटनेतले कलम

हॉटेलात जाऊन चार घास खाणे ही इतरांच्या दृष्टीने चैनीची गोष्ट असेल. आपल्या समाजाला मात्र ती नुसती चैन कधीच नव्हती. गावच्या चहाच्या दुकानाबाहेर वळचणीला खोचून ठेवलेली वेगळी कपबशी आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. चहा वरून ओतला जायचा, पैसे लांबून टाकायचे, आणि प्यायलेली कपबशी आपणच विसळून पुन्हा जागेवर ठेवायची. काही ठिकाणी तर कपबशीही नाही, करवंटी! ज्यांनी हे सोसले त्यांची मुले मुंबईला आली. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, म्युनिसिपालिटीत लागली. इराण्याच्या हॉटेलात सगळ्यांच्या शेजारी खुर्चीवर बसून, सगळ्यांच्याच कपात चहा पिताना त्यांना काय वाटले असेल, हे आजच्या पिढीला शब्दांत सांगणे कठीण आहे.

म्हणूनच एखाद्या चांगल्या हॉटेलातले जेवण बिघडले, वागणूक बिघडली, तर "जाऊ द्या, पुन्हा जायचं नाही" एवढ्यावर विषय संपवणे आम्हाला योग्य वाटत नाही. आमच्या कुटुंबाच्या आवडीच्या एका हॉटेलाने आमची जी निराशा केली तिच्याविषयी येथे लिहीत आहोत. हॉटेलाचे नाव लिहीत नाही. आम्हाला कोणाची बदनामी करायची नाही. प्रश्न एका हॉटेलाचा नाही. आपण तिथे कसे बसतो, काय सहन करतो आणि कुठे बोलतो, हा खरा प्रश्न आहे.

बोनसचा रविवार

आमचे वडील रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये फिटर होते. रेल्वेचा बोनस दसऱ्याच्या आधी हातात पडे आणि दसरा म्हणजे अशोक विजयादशमी, धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्यामुळे आमच्या घरात हे दिवस दुहेरी आनंदाचे असत. त्या दिवशी विहारात वंदना, खीरदान. आणि त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी सगळ्या कुटुंबाने मध्य मुंबईतल्या त्या एका मोठ्या हॉटेलात जेवायला जायचे, असा वडिलांनी १९८४ सालापासून पाडलेला शिरस्ता होता. वर्षातून एकदाच. पण त्या एका दिवसासाठी आई पांढरी साडी खळ घालून, इस्त्री करून ठेवायची.

त्या हॉटेलात वातानुकूलित हॉल होता. टेबलावर पांढरी चादर, कापडी रुमाल, जेवण झाल्यावर लिंबाची फोड टाकलेले कोमट पाण्याचे वाडगे. पहिल्या वर्षी आमच्या दादाने ते पाणी पिण्यासाठी उचलले होते. तेव्हा वयस्क वेटर हसला नाही. त्याने शेजारी वाकून स्वतःची बोटे बुडवल्यासारखे करून दाखवले. त्या माणसाचे नाव आम्हाला कधी कळले नाही, पण त्याचा तो समजूतदारपणा आमच्या घरात आजही सांगितला जातो.

वडिलांचा एक दंडक होता. हॉलच्या दाराशी नाव विचारले की आडनावासकट, स्पष्ट आणि मोठ्याने सांगायचे. आवाज खाली घ्यायचा नाही. ते म्हणत, "नाव सांगताना मान खाली गेली, तर आत जाऊन जेवण्यात काय अर्थ?" त्या हॉटेलात आमच्या नावावरून कधी कोणाच्या कपाळाला आठी पडली नाही. बसायला जागा मिळाली ती रांगेप्रमाणे मिळाली. तंदुरी चिकन गरम आले, बिर्याणी मोकळी आली, कस्टर्ड थरथरत आले. बिल आले की वडील ते दोनदा वाचत, पैसे मोजत आणि वेटरच्या हातात वेगळी टीप देत. आम्हा भावंडांना हे हॉटेल आवडायचे, त्यात जेवणाचा वाटा निम्मा. उरलेला निम्मा वाटा वडिलांच्या त्या ताठ बसण्याचा होता.

वडील २००९ साली गेले. त्यानंतरही शिरस्ता चालू राहिला. करोनाच्या काळात २०२० मध्ये हॉटेल बंद झाले, पुढे मालक बदलले आणि नव्या थाटात ते पुन्हा उघडले. मध्ये काही वर्षे आमचे जाणे झाले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुतणी बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा पास झाल्याच्या आनंदात आम्ही पाचजण गेलो. ब्याऐंशी वर्षांची आई, दादा, वहिनी, पुतणी आणि आम्ही.

मागच्या दाराचे टेबल

पुतणीने दोन दिवस आधी फोन करून टेबल राखून ठेवले होते. आठची वेळ होती, आम्ही आठला पाच कमी असताना पोहोचलो. दारातल्या कॅप्टनने नाव विचारले, पुतणीने आजोबांच्या शिकवणीप्रमाणे स्पष्ट सांगितले. त्याने वहीत पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि आम्हाला हॉलच्या अगदी टोकाला, स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशी नेले. एका बाजूला ते दार, दुसऱ्या बाजूला हात धुण्याचे बेसिन. दार उघडले की आईच्या खुर्चीला लागायचे.

समोर खिडकीजवळ तीन टेबले मोकळी होती. त्यातले एक द्यावे म्हणून आम्ही विचारले. "ती रिझर्व्ह्ड आहेत," असे उत्तर मिळाले. ठीक आहे. आमच्याप्रमाणे दुसऱ्यांनीही फोन केला असेल. आई तर आपल्या सातारी बोलीत म्हणाली, "आगं, बसू की हितंच. जेवायचंच हाय न्हवं?"

अर्ध्या तासाने एक कुटुंब आले. कपडे भारी, हातात गाडीची किल्ली. कॅप्टनने विचारले, "बुकिंग आहे का?" ते नाही म्हणाले. हे आम्ही आमच्या कानांनी ऐकले, कारण पुतणी त्या वेळी पाण्याची चौकशी करायला तिथेच उभी होती आणि दादाही तिच्या मागे गेला होता. त्या कुटुंबाला खिडकीजवळचे टेबल मिळाले.

आमच्या शेजारी, बेसिनच्या पलीकडे, आणखी एक कुटुंब बसवले होते. साधेच कपडे, पायात चपला. ते कोणत्या समाजाचे होते हे आम्हाला ठाऊक नाही आणि आम्ही विचारलेही नाही. तेव्हा आम्हाला आडनावावरून मागे बसवले असे आम्ही म्हणणार नाही. पुरावा नसताना असा आरोप करू नये. पण कपड्यांवरून, चपलांवरून, आईच्या साध्या साडीवरून आमची किंमत ठरवली गेली, हे मात्र आम्ही डोळ्यांनी पाहिले. ज्या हॉटेलात वडिलांना रांगेप्रमाणे जागा मिळत होती, त्या हॉटेलाची ही पहिली निराशा.

तीन वाट्या, एकच रस्सा

मेनूकार्ड हातात मिळाले नाही. टेबलावरचा चौकोनी ठिपक्यांचा शिक्का मोबाइलने टिपा आणि त्यात वाचा, असे सांगण्यात आले. आईने विचारले, "आन् ज्याच्याकडं तसला फोन न्हाई त्यानं?" छापील कार्ड मागितल्यावर दहा मिनिटांनी एक आले, कोपरे दुमडलेले. त्याची पहिली चार पाने दारूची होती. वेटरने सुरुवातीलाच "ड्रिंक्स काय घेणार?" असे दोनदा विचारले. आम्ही पंचशील पाळणारी माणसे. पाचवे शील आम्हाला हॉटेलाच्या दारात काढून ठेवता येत नाही. "काही नको" म्हटल्यावर त्याचा उत्साह मावळलेला दिसला. पूर्वीचा कुटुंबांचा हॉल आता निम्म्यावर आला आहे, उरलेल्या निम्म्यात बार आहे. ज्या हॉटेलाचा खरा नफा दारूवर असेल, त्याला दारू न पिणारे कुटुंब म्हणजे अडलेली जागा वाटणार, हे ओघाने आलेच.

न विचारता पाण्याच्या दोन बाटल्या उघडून ठेवण्यात आल्या. पन्नास मिनिटांनी जेवण आले. सूप कोमट होते. तंदुरी चिकन वरून काळे आणि हाडाजवळ गार होते. बटर चिकन, रोगनजोश आणि पनीर अशा तीन भाज्या तीन वेगळ्या भांड्यांत आल्या, पण रस्सा एकच. वहिनीने डोळे मिटून चव घेतली आणि म्हणाली, "तुकडा काढून घेतला तर कुठली भाजी कुठली, हे बनवणाराही ओळखणार नाही." बिर्याणीचा भात वरून वाफाळलेला, आत कडक, म्हणजे पुन्हा गरम केलेला. कस्टर्डला फ्रीजचा वास होता.

असे का होते, हेही समजून घेतले पाहिजे. मोठ्या हॉटेलांत रस्सा सकाळीच तयार करून ठेवण्याची पद्धत जुनीच आहे. कांदा-टोमॅटोचा लाल, काजूचा पांढरा, कांदा-हळदीचा पिवळा. त्यात काही गैर नाही. शंभर माणसांचे जेवण ऐनवेळी शून्यापासून करता येत नाही. पण जुने आचारी त्या रश्श्यावर प्रत्येक भाजीसाठी वेगळी फोडणी, वेगळा मसाला घालत, मटणाला त्याच्या स्वतःच्या पाण्यात शिजू देत. खर्च वाचवण्यासाठी आचारी कमी केले, तीन रश्श्यांचा एक केला, की तीन वाट्यांतून एकच चव येते. भाव मात्र तीन निरनिराळे लागतात.

दुसरे कारण आमच्या खुर्चीमागेच उभे होते. झुलत्या दाराशी घरपोच जेवण पोहोचवणारी पोरे पाठीवर पिशव्या घेऊन ताटकळत होती. आतून डबे भरून येत होते. चूल तीच, आचारी तेवढेच, आणि जेवणारे दुप्पट. पार्सलला उशीर झाला तर मोबाइलवर हॉटेलाचे गुण कमी होतात. हॉलमध्ये बसलेला माणूस मात्र उठून जात नाही, म्हणून तो थांबतो. त्या पोरांवर आमचा राग नाही. त्यातली निम्मी आपल्याच वस्त्यांतली असतील. पण दोन्हीकडचे पैसे घ्यायचे आणि चूल वाढवायची नाही, हा हिशेब मालकाचा आहे.

आत येऊ देणे म्हणजे सेवा नव्हे

आई सगळा वेळ म्हणत होती, "चांगलं हाय की. कशाला बोलायचं?" तिचे हे म्हणणे आम्हाला फार लागले. जेवण चांगले नव्हते, हे तिलाही कळत होते. पण गावात वळचणीची कपबशी पाहिलेल्या माणसाला खुर्चीवर बसायला मिळाले हेच पुष्कळ वाटते. पुढचे मागायला जीभ रेटत नाही. आपल्या समाजातल्या पुष्कळ घरांत हेच घडते. आत येऊ दिले ना, मग आणखी काय हवे?

याचे उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे, आणि तेही अगदी नेमक्या शब्दांत.

भारतीय घटनेचे कलम १५ सर्वांना ठाऊक असते. पण त्याचा दुसरा भाग फार थोडे लोक वाचतात. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे येथे जाण्यास मज्जाव करता येणार नाही, असे तो भाग सांगतो. हॉटेल हा शब्द या देशाच्या घटनेत, मूलभूत हक्कांच्या प्रकरणात आहे! इतर देशांच्या माणसाला याचे नवल वाटेल. आपल्याला वाटायला नको. ज्या समाजाला हॉटेलाच्या दाराबाहेर ठेवले गेले, त्याच समाजाचा सुपुत्र मसुदा समितीचा अध्यक्ष होता.

हे कलम घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी चर्चेला आले. तेव्हा मसुद्यात त्याचा क्रमांक ९ होता. 'दुकान' या शब्दात न्हाव्याचे दुकान, धोब्याचे दुकान येते का, असा प्रश्न सभासदांनी विचारला. बाबासाहेबांनी उत्तर दिले की, दुकान हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. नुसता आत प्रवेश देणे एवढाच त्याचा अर्थ नाही, तर ठरलेल्या अटींवर जो सेवा देऊ करतो त्याच्याकडून सेवा मिळणे, हाही अर्थ त्यात आहे. दारातून आत घेतले आणि खुर्चीवर बसवून ठेवले, म्हणजे काम झाले असे नाही, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते.

त्यांना हे सुचावे यात आश्चर्य नाही. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला लहान भीमराव मसूर स्टेशनवर उतरला, तेव्हा मुलांजवळ डबाभर जेवण होते. बैलगाडीतून रात्रीचा प्रवास झाला. जेवण होते, पण पाणी कोणी दिले नाही, म्हणून मुले उपाशी झोपली. अन्न असूनही उपाशी! १९१७ साली परदेशातून शिकून आल्यावर बडोद्याच्या पारशी धर्मशाळेत त्यांना नाव बदलून राहावे लागले, आणि ओळख पटताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर मंडपात जेवायला बसलेल्या आपल्या बांधवांवर हल्ला झाला, त्यांचे अन्न मातीत मिसळले गेले. पाणी, निवारा, अन्न. कलम १५ च्या त्या ओळींमागे हे सारे उभे आहे.

पुढे १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा कायदा आला. १९७६ मध्ये तो अधिक कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव दिले गेले. अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात प्रवेश नाकारणे, हॉटेलातली भांडी वापरू न देणे हा त्यात गुन्हा आहे. इतरांना जी सेवा दिली जाते ती त्याच वेळी, त्याच जागी, त्याच अटींवर न देणे हाही गुन्हा आहे. शिक्षा किमान एक महिना ते कमाल सहा महिने कैद आणि दंड. 'त्याच जागी, त्याच अटींवर' हे शब्द प्रत्येक घरात पाठ असले पाहिजेत.

कपड्यांवरून किंवा ऐपतीवरून केलेला भेद या कायद्यात बसत नाही, हे खरे. पण त्यासाठी दुसरे हत्यार आहे, आणि ते आहे ग्राहक कायद्याचे.

बिल वाचायला शिका

आमचे बिल असे आले. तीन सूप ७२० रुपये, तंदुरी चिकन ७६०, बटर चिकन ५८०, रोगनजोश ६८०, पनीर ४६०, दहा रोट्या ७००, बिर्याणी ५६०, पाण्याच्या दोन बाटल्या २४०, दोन कस्टर्ड ४४०. एकूण ५,१४० रुपये. त्याखाली दहा टक्के 'सेवा आकार' ५१४ रुपये. मग या दोन्हींच्या बेरजेवर, म्हणजे ५,६५४ वर, पाच टक्के जीएसटी २८२ रुपये ७० पैसे. सगळे मिळून ५,९३७ रुपये.

जीएसटी हा सरकारी कर आहे, तो द्यावाच लागतो. साध्या हॉटेलाला, मग ते वातानुकूलित असो वा नसो, नोव्हेंबर २०१७ पासून तो पाच टक्के आहे. सेवा आकार मात्र सरकारी कर नाही. पुष्कळांना तो कर वाटतो आणि ते निमूट भरतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलांनी हा आकार आपोआप बिलात घालू नये, तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगावे, तो दिला नाही म्हणून कोणाला अडवू नये, आणि तो मिळवून त्यावर जीएसटी लावू नये, असे त्यांत आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून या सूचना कायम केल्या.

हे पुतणीला ठाऊक होते. नर्सिंगच्या होस्टेलात मुलींनी मिळून एकदा असाच वाद घातला होता म्हणे. तिने शांतपणे मॅनेजरला बोलावले आणि म्हणाली, "सर, सेवा आकार काढून बिल पुन्हा द्या. आम्ही तो देणार नाही." मॅनेजर म्हणाला, "मॅडम, ही आमची पॉलिसी आहे. मेनूकार्डावर लिहिलंय." ती म्हणाली, "लिहिलं म्हणून बंधनकारक होत नाही. तुम्ही नाही काढला तर इथूनच ग्राहक हेल्पलाइनला फोन लावते." पंधरा मिनिटे गेली. नवीन बिल आले. ५,१४० वर पाच टक्के म्हणजे २५७ रुपये कर, एकूण ५,३९७. पाचशे चाळीस रुपये वाचले. एवढ्यात आमच्या घरचा आठवड्याचा भाजीपाला येतो.

पाण्याच्या बाटलीविषयी एक सांगितले पाहिजे. छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्याची तक्रार पुष्कळजण करतात. पण हॉटेलात बसून जेवताना छापील किमतीपेक्षा जास्त घेता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. तेव्हा वाद घालण्यापेक्षा बाटली उघडण्याआधीच "साधं पाणी आणा" असे सांगावे.

भगिनींनो, बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असतो. १ जानेवारी २०२२ पासून तो छापणे सक्तीचे आहे. अन्न शिळे निघाले, पोट बिघडले, तर तक्रार करताना हाच क्रमांक लागतो. बिल चुरगाळून टाकू नका, जपून ठेवा.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेवढ्याने भागले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही, स्वतः बाजू मांडता येते.

वेटरही आपलाच

सेवा आकार नाकारला म्हणजे वेटरच्या पोटावर पाय दिला, असे काहींना वाटेल. आम्हालाही तो विचार करावा लागला. आम्हाला वाढणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा होता. नवे बिल घेऊन आला तेव्हा हळूच म्हणाला, "ताई, बरं केलंत. त्यातलं आम्हाला काही मिळत नाही." तो कंत्राटदारामार्फत लागलेला. सकाळी अकरा ते रात्री बारा उभा. त्याचे ते शब्द सगळ्या हॉटेलांना लागू होतील असे नाही. काही मालक तो आकार कामगारांत वाटतही असतील. पण वेटरला द्यायचे असेल तर त्याच्या हातात द्यावे, हा वडिलांचा मार्ग आम्हाला बरा वाटला. दादाने त्याच्या हातात दोनशे रुपये ठेवले.

गार जेवणाबद्दल आम्ही त्या मुलाला एक शब्द बोललो नाही. हेही महत्त्वाचे आहे. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर ओरडून आपला राग निवतो, पण न्याय होत नाही. आपल्याशी जे वागले गेले तेच आपण खालच्या माणसाशी वागलो, तर आपण बाबासाहेबांकडून काय शिकलो? टेबल कोणी ठरवले, चूल किती ठेवायची हे कोणी ठरवले, त्याला विचारायचे.

आम्ही मॅनेजरलाच विचारले. राखून ठेवलेले टेबल आम्हाला नाही आणि न राखणाऱ्याला मिळते, ते कसे? त्याने गार जेवणाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, टेबलाविषयी "गैरसमज झाला असेल" म्हणाला, आणि एक आइस्क्रीम फुकट देऊ केले. आम्ही ते घेतले नाही. तक्रारवही मागितली, ती नव्हती. मग दादाने साध्या कागदावर तारीख, वेळ, टेबल आणि घडलेला प्रकार पाच-सहा ओळींत लिहिला, मॅनेजरची पोच घेतली आणि पुतणीने त्याचा फोटो काढला. आठ दिवसांनी 'आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे' असे उत्तर आले. टेबलांची रीत बदलली की नाही, हे आम्हाला ठाऊक नाही. पण लेखी तक्रार त्यांच्या दप्तरात गेली आहे. असे दहा कागद गेले, तर कोणत्याही मालकाला विचार करावाच लागेल.

'जाऊ द्या' म्हणू नका

हॉटेलातले जेवण महाग आहे, रोज कोणी जात नाही, घरची भाकरी आणि सुकट त्याहून गोड लागते, हे सारे खरे. आम्हीही पुढच्या वर्षी त्या हॉटेलात जाणार नाही, पैसे दुसरीकडे देऊ. ग्राहकाचा तोही एक हक्कच आहे. पण ज्या दिवशी जाल, त्या दिवशी पाहुण्यासारखे जा, आश्रितासारखे नको. टेबल राखले असेल तर तेच मागा. दर आधी विचारा. गार आले तर परत पाठवा, ताटात पडले म्हणून गिळू नका. बिल मुलांच्या हातात द्या आणि त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. शाळेत नागरिकशास्त्र थोड्या गुणांचे असते, ते येथे पूर्ण गुणांचे होते.

आणि घरातली म्हातारी माणसे "कशाला बोलायचं?" म्हणाली तर त्यांच्यावर चिडू नका. त्यांच्या गप्प बसण्यामागे काय काय आहे, ते त्यांना एकदा शांतपणे विचारा आणि मुलांना ऐकू द्या. त्यांच्या वाट्याला नुसते दार उघडले जाण्याची लढाई आली. ती त्यांनी जिंकली, म्हणून आपण आत आहोत. आतल्या टेबलाची, ताटाची आणि बिलाची लढाई आपल्या वाट्याची आहे. ती आरडाओरड न करता, कागदावर, कायद्याने आणि ताठ मानेने लढायची आहे.

जयभीम!